पंधरा पिना

नवा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा,
तीन पोळ्या नि सुकी भाजी मावेल, बस.
मागे भोकं तीन.
एकही माझ्या ओळखीचं नाही.

आणि टेबलावर हे दोघं, माझ्याकडे पाठ करून:
एकाच्या वायरला निळं तोंड, एकाच्या पांढरं.
माझगावच्या प्रेसला कुलूप लागलं तेव्हा
दोन थकलेल्या पगारांच्या बदल्यात
मालक म्हणाले, हवं ते उचला.
कटिंग मशीन उचलण्यातलं नव्हतं.
मी माझा मॉनिटर उचलला.
निलोफर मुकादमनं स्वतःचाही माझ्याच टॅक्सीत ठेवला.
म्हणाली, मुंब्र्याला चौथा मजला, लिफ्ट बंद,
तुम्हीच न्या. जोडी कशाला फोडायची.

बारा वर्षं शेजारी बसलो.
मी डावीकडून लग्नं लावत गेलो,
ती उजवीकडून.
माझे चि. आणि चि. सौ. कां., तिचं बिस्मिल्ला,
सोनेरी शाई एकाच डब्यातली,
एकाच रॅकवर वाळायची.
एकदा कार्डं अदलाबदल झाली, भायखळ्याच्या पार्टीला
घाटकोपरचे वधूवर गेले.
मालक ओरडले. आम्ही खाली मान घालून हसलो.

लॅमिंग्टन रोडवरच्या पोरानं
माझी वायर उजेडात धरली.
'अंकल, पिन तुटलीय.'
तुटली नाही रे. पंधरा म्हणायच्या, पण ही नववी
बऱ्याच वायरींना जन्मतःच नसते.
चौदांवर भागतं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी त्याला घरातलं काही सांगितलं.
पांढऱ्याचा जोड दीडशेला. निळ्याचा साडेसहाशे.
हा का महाग?
'नवा आकड्यांत बोलतो, हा जुना लाटांत.
मध्ये दुभाष्या बसवलाय, छोटासा. त्याचे पैसे.'
मी दिले. घासाघीस केली नाही,
दुभाष्यांशी करू नये.

घरी माझा लागला.
तिच्यावर मात्र 'नो सिग्नल' लिहिलेली एक चौकट
काळ्यातून इकडे तिकडे फिरत राहिली,
पत्ता विचारत असल्यासारखी.
वायर काढली, घातली. फुंकर मारली.
बंद केला, चालू केला. पुन्हा फुंकर.
रात्री पावणेदहाला तिला फोन केला.
तिच्याकडे कुकर होत होता.
'स्क्रू आवळलेत?'
आवळलाय.
'दोन्हीकडचे? तुम्ही नेहमी एकच आवळता.'

बारा वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती.
म्हणजे रोज माझ्या टेबलामागे वाकून
कोणी आवळत होतं.

दुसरा आवळला. उजळला.
आधी दोघांवर एकच चित्र, सारखं,
शाळेतल्या मुलांनी पाढे म्हणावेत तसं.
मग 'विस्तारित करा' दाबलं, तेव्हा वेगळे झाले:
माझा पांढरा निळसर, तिचा
किंचित चहाकडे झुकलेला.
आणि उजव्या कडेला, राखाडी रंगावरच दिसेल अशी,
तिच्या उर्दू प्रोग्रॅमच्या पट्टीची सावली.
पुसली. कपड्यानं जाणारी नव्हती.

बाण उजवीकडे सरकवला. माझ्या काठाशी अडला.
तिच्यापर्यंत जायचं तर उलटं,
डावीकडून बाहेर पडायचं,
मग तो तिच्या त्या पट्टीतून आत येतो.
नव्या डब्याला वाटतं, ती माझ्या डाव्या हाताला बसते.
खोक्यात लिहिलंय तसं: आधी दोन, मग एक.
मी दोनतीनदा आलो गेलो, उगाच.
भिंतीकडे जाऊन तिच्या बाजूनं उगवायचं.

'लागला का?' फोन चालूच होता.
लागला.
'उजवीकडेच ठेवलाय ना मला?'
तिकडे शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला असावा.
'हो,' म्हणालो,
आणि मग खोक्यातल्या दोनला
माउसनं उचलून
पलीकडे नेलं.